सिहोऱ्याच्या बांधीतला सारस

८ जुलै, मंगळवार

काचेवर टकटक. पुन्हा टकटक! सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं तर एक बाबा काचेला नाक लावून उभे. खुणेनं विचारतात — वाघ कुठाय? मला कळावं म्हणून दोन्ही हातांचे पंजे करून दाखवले, दातही दाखवले.

संग्रहालयातली प्रयोगशाळा काचेची करायची ही कल्पना कोणाची होती, ते आता कोणीच कबूल करत नाही. 'संशोधन चालू असताना लोकांना दिसलं पाहिजे.' दिसतं ना! मी बेडकाची तंगडी मोजताना दिसते, अश्विन जांभया देताना दिसतो. लोक थोडा वेळ बघतात, एकमेकांना विचारतात, 'काय करून राहिले हे?' — आणि डायनासोरकडे जातात. डायनासोर फायबरचा आहे, पण मान हलवतो. आम्ही तेवढंही करत नाही.

आठ वर्षं मासे आणि बेडूक शिकून भंडाऱ्याला परत आले. प्रयोगशाळा-प्रमुख! प्रत्यक्षात मी दुकानातल्या शोकेसमधली बाहुली.

९ जुलै

कापगते साहेबांनी बोलावलं. आमचे संचालक. टेबलावर छताचा पाझर झेलायला बादली, आणि बादलीच्या बाजूला साहेब. "मॅडम, तुमच्या काचेसमोर माणूस थांबत नाही."

मी म्हटलं, साहेब, थांबवायला मी काय नाचू का?

हसले नाहीत.

१२ जुलै, शनिवार

आनंदाची बातमी, आणि ती मी जेवायच्या सुट्टीत ऐकली म्हणून डबा तसाच राहिला. अश्विनला सिहोऱ्याकडे सारसाची जोडी दिसली, धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या वाफ्यात, घरटं बांधताना! जिल्ह्यात सारस उरलेच किती? गेल्या वर्षी एकही घरटं यशस्वी झालं नाही.

अश्विन माझा संशोधन सहायक. माणसांशी बोलताना त्याला घाम फुटतो, पक्ष्यांबद्दल बोलताना थांबवावं लागतं. आज थांबवलं नाही.

साहेबांना सांगितलं आणि चूक केली. लगेच — "कॅमेरा लावू! आपल्या मोठ्या पडद्यावर थेट!"

१६ जुलै, बुधवार

वनविभागाची परवानगी आली. एवढ्या लवकर परवानगी यायची सवय नाही, त्यामुळे दोनदा वाचली.

आज आम्ही सिहोऱ्याला. रोवणी सुरू, सगळीकडे गुडघाभर पाणी. बांधीच्या मधोमध गवत-काड्यांचा ढीग, आणि त्यावर ती — राखाडी, लाल मानेची, माणसाएवढी उंच. नर थोडा लांब उभा. मग दोघांनी मान वर करून एकदम हाक दिली. अश्विनच्या डोळ्यांत पाणी. मी चष्मा पुसला — चिखल उडाला होता.

धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर, बांबू रोवून कॅमेरा बसवला, घरट्यापासून चांगला लांब. तिथेच धनीराम नावाचा शेतकरी भेटला. फार भला माणूस. म्हणाला, "लावा ना जी, काही हरकत नाही. आपलीच बांधी समजा." चहा पाजला. सगळे लोक असे असते तर!

१९ जुलै, शनिवार

पडदा सुरू झाला. जागेचं नाव दिलेलं नाही, फक्त 'तुमसर तालुका'. तेवढ्यावर मी अडून बसले.

दोन अंडी!

२४ जुलै

साहेबांना पाहिजे होतं ते झालं. माणूस थांबून राहिला आहे, आणि हलायचं नाव घेत नाही. लोक डबे घेऊन येतात. काचेसमोर सतरंजी अंथरलेली पाहिली मी आज! नर-मादी पाळी बदलतात तेव्हा टाळ्या. नर उशिरा आला की बायका त्याला नावं ठेवतात.

गॅलरीत लोकांना माहिती सांगायचं सगळं काम नंदिनीकडे. कारध्याची मुलगी, वडील वैनगंगेत जाळं टाकतात. तिच्या हातात माइक दिला की गॅलरी गप्प होते. पुस्तकी शब्द एक वापरत नाही. "हे पाहा, आता बाई उठनार, अंडे उलटवनार, मंग पुन्हा बसनार. उलटवले नाही तं एकाच अंगाले शेकतीन ना!" लोक माना डोलावतात. मी एवढंच समजावायला चार चित्रं आणि एक आलेख बनवला होता. कोपऱ्यात पडलाय.

माझी कामं मात्र बोंबलली. बेडकांकडे बघायला वेळ नाही. काचेवरची टकटक तशीच — आता विचारतात, आवाज मोठा करा.

२७ जुलै, रविवार

आज भलताच वैताग. पडद्यावर मागच्या बाजूला एक बाई रोज धान रोवताना, निंदताना दिसते. लोक पक्षी सोडून तिलाच पाहायला लागले! "आली पाहा सारसवाली." "आज लुगडं नवीन हाये." ती कमरेवर हात ठेवून कोणावर तरी ओरडत होती तर गॅलरीत माणसं तिच्या तोंडचे शब्द आपल्या मनानं भरून हसत होती. कॉलेजच्या मुलींचा घोळका आला होता, त्यातली एक एकदम गप्प होऊन पडद्याकडे बघत राहिली आणि मैत्रिणींना न सांगताच निघून गेली.

कॅमेरा थोडा वळवायला अश्विनला सांगितलं. लोकांचं लक्ष पक्ष्यांवर राहावं म्हणून. म्हणाला, आता वळवायला गेलो तर मादी उठेल. राहू दे मग.

२ ऑगस्ट, शनिवार

काय दिवस! क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी बाहेर आरडाओरडा. काचेतून शब्द येत नाहीत, नुसती तोंडं दिसतात. नंदिनी हातवारे करून मला बोलावत होती. गेले. साठीची एक बाई, हिरवं लुगडं, काखेत पिशवी. सोबत तीच मुलगी — रविवारी गप्प होऊन गेलेली. रुचिका, इथे नर्सिंग शिकते. ही तिची मावशी, सत्यभामाबाई. आणि मला चेहरा ओळखीचा का वाटला ते तेव्हा कळलं. सारसवाली!

"तुमीच का मॅडम? माही बांधी कोनाले इचारून दाखवून राहिले तुमी?"

मी म्हटलं, "बांधी धनीरामजींची ना? त्यांनीच तर हो म्हटलं."

"धनीराम माहा देर होय! त्याची बांधी धुऱ्याच्या पल्याड. इकडली माही. माह्या मालकाच्या मागं मीच करून राहिली ते. तो कोन होते हो म्हननारा?"



"लुगडं खोचून चिखलात उभी राहावं मी, अन् हे समदे इथं बसून फुटाने खावं? सारसाले इचारता येत नाही, समजलं. मले तं तोंड हाये ना! मले काहून नाही इचारलं?"

फुटाणे खाणाऱ्या एका माणसानं पुडी हळूच खिशात ठेवली. वनविभागाची परवानगी होती, संचालकांची होती, मोबाइल कंपनीचं सिमकार्डसुद्धा रीतसर होतं. ज्या बाईच्या शेतात चोवीस तास डोळा लावून ठेवला तिला विचारावं, हे मला, अश्विनला, कोणाला म्हणजे कोणालाच सुचलं नाही.

"बाई, चुकलं आमचं," एवढंच म्हणाले. तिनं ऐकलंच नाही. ती पडद्याकडे बघत होती. दोन पावलं पुढे गेली.

"हा कोन होय वो, रुचिका?"

पडद्याच्या कडेला एक माणूस. हातात पावडा. धुरा खणून राहिला होता.

"धनीराम!"

आठवडाभर पाऊस नाही. त्याच्या बांधीत पाणी कमी, हिच्या बांधीत भरपूर. वहिनी भंडाऱ्याला गेलेली पाहून गडी धुरा फोडायला आला! आणि मला लगेच घरट्याचा विचार आला. घरट्याभोवती पाणी आहे म्हणूनच कुत्री तिथवर जात नाहीत. पाणी उतरलं की अंडी गेलीच.

मी काही करायच्या आत सत्यभामाबाईंनी पिशवीतून फोन काढला. साधा, बटणांचा. स्पीकरवर लावला.

"का रे धनीराम! कुठं हायेस?"

"घरी हाओ ना वैनी. जेवून राहिलो."

पडद्यावर धनीराम गुडघाभर चिखलात, फोन कानाला, दुसऱ्या हातात पावडा. गॅलरीत हास्याचा असा स्फोट झाला की डायनासोरकडची पोरंसुद्धा धावत आली.

"जेवून राहिला? मंग पावड्यानं जेवते का रे तू?"

चित्र आमच्याकडे थोडं उशिरा पोचतं. त्यामुळे आधी फोनमध्ये शांतता. मग पडद्यावर धनीराम दचकला. मागे पाहिलं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. शेवटी आभाळाकडे पाहिलं.

"वैनी... तुमी कुठं हा?"

"मी कुठं बी असो. तो धुरा बुजव आधी. समदा बुजव! चिखल दाबून दे पायानं."

आणि आमच्या डोळ्यांसमोर त्यानं बुजवला! पायानं दाबून. मधेच थांबला की ही बाई ओरडायची, "तिथं राहिला पाहा, उजव्या अंगाले!" — आणि थोड्या वेळानं पडद्यावर तो उजवीकडे सरकायचा. मादी घरट्यावरून एकदाही उठली नाही. नंदिनी माइक खाली ठेवून खुर्चीत बसली, तिला हसू आवरत नव्हतं. अश्विन काचेच्या आत उभा राहून टाळ्या वाजवत होता. अश्विन!

नंतर सत्यभामाबाई माझ्या स्टुलावर बसून चहा प्यायल्या. मी म्हटलं, कॅमेरा उद्याच काढून घेते. त्यांनी कप खाली ठेवला.

"राहू द्या जी. पिल्लं निघतपर्यंत राहू द्या. मी घरी नसन तवा धनीरामवर लक्ष ठेवत जा. दिसला का फोन करा."

म्हणजे बेडूक, सारस आणि आता धनीराम!

३ ऑगस्ट

कोणीतरी कालचा सगळा प्रकार मोबाइलवर घेतला होता. सकाळपासून माझ्या आईच्या विहाराच्या ग्रुपवर, दूधवाल्याच्या फोनवर, सगळीकडे 'पावड्यानं जेवते का'. आईनं विचारलं, "हे तुमच्या म्युझियममधलं होय का वो?" मी म्हटलं, नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

साहेब खूश. इतके खूश की मला चहा विचारला. तिकिटाची रांग फाटकापर्यंत. पंधरा ऑगस्टला नागपूरहून पाहुणे बोलावले आहेत, पडद्यासमोर खुर्च्या लावायच्या, पिल्लं तोपर्यंत निघतील ना? मी म्हटलं, साहेब, मी अंड्याला पत्र लिहिलेलं नाही.

भीती एकच — लोक धनीरामला ओळखतात. धनीराम कळला की सिहोरा कळलं.

७ ऑगस्ट

धनीरामचा स्वतःचा फोन. "मॅडम, मी आता माह्याच बांधीत हाओ बरं. धुऱ्याले हात लावला नाही. तुमी पाहून घ्या." असे दिवसातून तीन फोन. डोकं उठलं!

१० ऑगस्ट, रविवार

जे व्हायचं तेच झालं.

राखीला माहेरी आलेल्या बहिणी, भाऊ, पोरंबाळं, सगळ्यांना सुट्टी. सकाळी अश्विनचा फोन — मॅडम, पडद्यावर माणसं दिसतात. पोचेपर्यंत धुऱ्यावर जत्रा. मोटारसायकली, सेल्फी, एकानं ड्रोन आणलेला. मक्याच्या कणसांची गाडीसुद्धा! सारसांनी घरटं सोडलेलं. दोघं लांब तिसऱ्या बांधीत उभे राहून एकसारखे ओरडत होते. अंडी उघडी. वर ऊन, आणि कावळे.

अश्विन लोकांना हात जोडत सुटला. मी ओरडले. आयुष्यात एवढी ओरडले नसेन. एक माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमीच तं दाखवता ना रोज. मंग आमी पाहाले आलो तं काय झालं?"

चूक नव्हता तो.

सत्यभामाबाई काठी घेऊन उभ्या. धुऱ्यालगतचं सगळं धान तुडवलेलं, रोपं चिखलात आडवी. आणि धनीराम — हो, तोच — हात पसरून लोकांना मागे रेटत होता. "मागं सरका! मागं सरका ना बापा!" लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होते.

सत्यभामाबाई मला म्हणाल्या, "पाहा तुमचे लोक."

ओरडल्या नाहीत. पहिल्या दिवशी ओरडल्या होत्या तेव्हा बरं वाटलं होतं, हे आता कळलं.

शेवटी वनरक्षक आले, गर्दी हटली. दुपारनंतर मादी परत आली. घरट्याच्या भोवती बराच वेळ फिरली. मग बसली. अंडी जिवंत आहेत की शिजली, कोणाला माहीत.

११ ऑगस्ट, सोमवार

सुट्टीचा दिवस, तरी साहेबांना गाठलं. कॅमेरा काढायला पाहिजे, आजच. म्हणाले, पंधरा तारखेनंतर काढू.

मी म्हटलं, तोपर्यंत अजून एक गर्दी झाली तर घरटं गेलं.

"मॅडम, मला काय ते पक्षी नकोत का?" एकदम आवाज चढला त्यांचा. "ही इमारत बघा. हे छत बघा. माणसं आली नाहीत तर वर्षभरात इथं कुलूप लागेल. तुमची काच, तुमचे बेडूक, नंदिनीची नोकरी, सगळं. आपल्याकडे वाघ नाही, मॅडम. एवढा एक पक्षी आहे."

हे खोटं नाही, हाच तर वैताग आहे! परवा संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर मी किल्ली विसरले म्हणून परत आले, तेव्हा साहेब रिकाम्या गॅलरीत एकटे पडद्यासमोर बसले होते. सतरंजीवर. चपला बाजूला काढून. मी आवाज न करता गेले.

तरीही — पंधरा तारखेपर्यंत नाही थांबता येणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काढला.

भल्या सकाळी मी आणि अश्विन. नर खाऊ शोधत लांब गेलेला, मादी बसलेली. आम्ही धुऱ्यावरून वाकून, जवळजवळ रांगत. बांबू हलला तेव्हा तिनं मान उंच केली. आम्ही गारठल्यासारखे थांबलो. मग तिनं मान खाली घेतली. अश्विननं वायर सोडली, मी कॅमेरा ओढणीत गुंडाळला.

सत्यभामाबाई बांधावर होत्या. कॅमेरा दाखवला. म्हटलं, आता कोणी बघणार नाही, आम्हीसुद्धा नाही. पोळ्यापर्यंत इकडे फिरकणार नाही.

"बरं," म्हणाल्या. एवढंच. आणि निंदायला वळल्या.

परत आले तर गॅलरीत काळा पडदा आणि लोकांची आरडाओरड. 'पैसे परत द्या.' नंदिनीनं एकटीनं झेललं. मला फक्त इतकं म्हणाली, "ताई, सांगून तं जायचं होतं. मी दोन घंटे लाईट गेली म्हनून सांगून राहिली." खरं आहे. तिलाही विचारलं नव्हतं.

१३ ऑगस्ट

कारणे दाखवा नोटीस. साहेबांनी स्वतः आणून दिलं, शिपायाबरोबर पाठवलं नाही. "मला द्यावंच लागलं." मी म्हटलं, मला काढावाच लागला. छत गळत होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. पाहुणे आले, काळा पडदा पाहिला, डायनासोरबरोबर फोटो काढून गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

गर्दी ओसरली. काचेवर टकटक. वाघ कुठाय?

२१ ऑगस्ट, गुरुवार

अश्विन वनरक्षकांबरोबर सिहोऱ्याला जाऊन आला. उद्या पोळा, त्याला तेवढाही दम निघाला नाही.

घरटं रिकामं. काठावर कवचाचे थोडे तुकडे. सारस जवळपास कुठे नाहीत. सत्यभामाबाई भेटल्या. त्याला म्हणाल्या, "कुत्र्यायनं नेलं असन जी, काय मालूम."

अश्विन प्रयोगशाळेत आला, काचेकडे पाठ करून खुर्चीत बसला. त्याच्या मागे शाळेची पोरं काचेला चिकटून तोंडं वेडीवाकडी करत होती. मी काचेवरचा पडदा ओढून घेतला. नियमात बसत नाही. बसत नाही तर बसत नाही!

त्या रविवारच्या उन्हात अंडी गेली असतील, आणि उरलंसुरलं कुत्र्यांनी. चार तास उघडी होती. कॅमेरा मीच लावला होता, काढायलाही मीच उशीर केला. साहेबांना दोष देऊन बघितला. पुरला नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. गल्लीतून सजवलेले बैल गेले. आईनं पुरणपोळी केली. खाल्ली.

२ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांचा नवा हुकूम. गॅलरीत फलक लावायचा — 'एका घरट्याची गोष्ट'. फोटो, माहिती, आणि शेवटी 'परिणाम: अपयशी'. मजकूर मी लिहायचा. पाच वेळा लिहिला. दर वेळी अपयशी या शब्दापुढे हात थांबतो. कोण अपयशी? पक्षी? त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. घरटं उंच, पाणी पुरेसं, पाळ्या चोख.

नंदिनीनं वाचलं. म्हणाली, "ताई, 'अपयशी' नोका लिहू. 'पुढं काय झालं ते मालूम नाही' असं लिहा." मी म्हटलं, विज्ञानात असं लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मालूम तं नाही ना पन?"

तिच्याशी वाद घालायची ताकद नाही. साहेबांच्या आवृत्तीवर सही केली. मोठ्या अक्षरांत लागला.

१० सप्टेंबर

पडद्यावर आता वाघाची फिल्म. उन्हाळ्यातलं जंगल, पाणवठा, वाघ पाणी पितो. पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर पाणी पितो. लोक खूश आहेत.

अश्विननं देहरादूनच्या वन्यजीव संस्थेत अर्ज केलाय, मला सांगितलं. म्हणाला, तिथे काच नाही. मी थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

१७ सप्टेंबर, बुधवार

कारणे दाखवाला उत्तर अजून दिलेलं नाही. लिहायला बसले की एकच वाक्य सुचतं — 'मी वैतागले होते.' साहेब रोज विचारतात, दिलंत का? मी म्हणते, देते. मग ते बादली रिकामी करायला जातात.

रविवारी सिहोऱ्याला जाऊन येणार. धुऱ्यावरचा बांबू आमचाच उभा आहे, तो तरी काढून आणावा. आणि सत्यभामाबाईंच्या तुडवलेल्या धानाबद्दल अजून मी माफीसुद्धा मागितलेली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बांबू काढत होते. सत्यभामाबाई मागून आल्या, ओठांवर बोट ठेवलं, आणि मला धनीरामच्या बांधीपलीकडे नेलं. खाली बसवलं. धानाच्या वर दोन लाल माना. आणि त्यांच्या मधे, तपकिरी, लांब पायांचं, गबाळं एक पिल्लू! आईच्या चोचीतून काहीतरी ओढून घेत होतं.

"त्या पोराले खोटंच सांगतलं जी मी," कानाशी येऊन म्हणाल्या. "धनीरामलेबी शपथ घातली. अख्ख्या गावालेच घातली. कोनी बोललं नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "आता तुमी?"

परत आले तर संग्रहालयाच्या फाटकात साहेब भेटले. अगदी हळू विचारलं, "सिहोऱ्याला गेला होतात म्हणे. काही... दिसलं का?"

"धान निसवलंय, साहेब, लोंब्या आल्यात," मी म्हटलं. "फार सुंदर निसवलंय."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. कोणाला सांगू नका."